डाव्या चौकटीला खळ

लच्मव्वा गाजूलनं दोन स्पीकर आणले
रिक्षात, मांडीवर घेऊन,
साखर पेठेतून अशोक चौकापर्यंत.
जाळीचं कापड चौकटींपासून सुटलेलं,
खालच्या कडेला लोंबणारं.
"आतलं समदं बरं हाय," म्हणाली,
"नुसतं कापड चिकटव."

नुसतं.
दुकान टाकून तेवीस वर्षं झाली मला.
गेलेला आवाज परत आणायला
कथलाचा एक थेंब पुरतो कधी कधी.
कापडाला सगळा दिवस जातो.

जुना गोंद नखानं खरवडला.
पंक्चरवाल्याचं सुलोचन लावलं होतं कुणीतरी.
आमच्या एप्रिलात ते पुन्हा पाघळतं,
कापडातून पिवळं वर येतं, त्यावर धूळ बसते,
आणि ठणठणीत स्पीकर आजारी दिसतो.

झटपट चिकटणारं नको.
काचेसारखं कडक होतं, कडेला पांढरी वाफ धरतं,
एकदा तिरकं बसलं की तिरकंच.
मला चूक करायला दहा मिनिटं लागतात,
निस्तरायला आणखी दहा.
बंदुकीतला गरम गोंद गुठळ्या करतो,
मग चौकट खोबणीत शिरत नाही.
उरला फेव्हिकॉलचा पांढरा डबा.
थोडं पाणी घालून, बोटानं, पातळ,
आणि फक्त मागच्या बाजूला.
पुढं आला तर छिद्रं बुजतात,
बुजलेल्या छिद्रातून 'स' आणि 'श' बाहेर येत नाहीत.

हे सगळं मी तिला ओरडून सांगत होतो.
चाळीस वर्षं मागाशेजारी उभे राहिलेले कान,
ती माझ्या ओठांकडे बघत होती.
मग तिनं कापड उचललं, दाराच्या उजेडाला धरलं,
अंगठा आणि बोटात फिरवलं.
"ताणा सुती हाय. बाणा दुसराच कायतरी.
आडवं वढू नको. उभं वढ.
आडवं सैल पडतंय."

तेवीस वर्षं मी आडवंच ओढत होतो.

"आन् डबा कशाला? खळ लाव की.
चिंचोक्याची."
मी म्हटलं, खळ झुरळं खातात.
"चिमूटभर मोरचूद टाकायचं."
मी म्हटलं, पावसाळ्यात सुटेल.
"सोलापुरात?" म्हणाली, आणि हसली.

रात्री मी कापड साबणानं धुतलं, तारेवर टाकलं.
सकाळी ती पेल्यात खळ घेऊन हजर.
कोमट, जेमतेम निळसर,
भाजल्या चिंचोक्यांच्या वासाची.
डाव्या चौकटीला ती लावली,
उजवीला डब्यातलं. माझाही काही मान आहे.
दोन्हीकडं उभं ओढून,
कपड्यांचे चिमटे लावून ठेवून दिलं.
बेचाळीस अंशांत वाळायला वेळ लागत नाही.
लाईट मात्र गेली होती.

म्हणून बसलो.
स्पीकर अंबय्याचे. तो जाऊन दोन उन्हाळे झाले.
रात्रपाळीहून आला की
तेलुगू नाटकांच्या कॅसेटी लावायचा.
हिला ऐकू यायचं नाही,
म्हणून ही कापडावर तळवा टेकून बसायची,
तो हसला की हीही हसायची.
"रोज त्याच जागी. तेलकट हात.
डाग पडलाय बघ, डावीकडच्यावर."

मी चिमट्यांकडं बघत राहिलो.

लाईट आली. तारा जोडल्या, कॅसेट लावली.
तिनं डाव्यावर तळवा ठेवला,
मग उजव्यावर, मग परत डाव्यावर.
डागाचं काही विचारलं नाही.
पैसे मोजून दिले, वीस रुपये कमीच.

तिला चहा सांगून मी चौकटी उलट्या केल्या
आणि मागच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलं,
पुढं कधी जो कुणी उघडेल त्याच्यासाठी:
डावीला खळ, ओला फडका फिरवला की सुटेल.
कापड उभं ओढावं.
खाली एक फुली, आणि फुलीपाशी:
इथं पुढच्या बाजूला हात टेकल्याचा डाग होता.
मी धुतला.